खबर आणि कान

माणसाला जे ठाऊकच नव्हते त्याचा जाब त्याला विचारू नये, असे आपण सगळे मानतो. आपल्याकडे कर्माच्या आधी नियत पाहतात. अजाणतेपणी पाऊल चुकले, खोट्या बातमीवर भरवसा ठेवला, तर माणूस चुकला असे आपण म्हणतो. त्याने गुनाह केला असे म्हणत नाही. इथपर्यंत वाद नाही. पण खबर ज्याच्या दाराशी येऊन उभी होती आणि ज्याने दार उघडलेच नाही, त्याला अजाण म्हणायचे काय? न कळणे आणि कळून न घेणे यांत फरक आहे, आणि तो फरक किती माणसांच्या जिवाचा असू शकतो हे पाहायचे असेल तर दजला नदीच्या काठी १९१४ ते १९१६ या काळात जे घडले त्याकडे पाहावे, असे आम्हाला वाटते.

वाचकांना ही मोहीम परकी वाटेल. ती तितकीशी परकी नाही. दजला म्हणजे इंग्रजांची टायग्रिस. तिच्या काठाने बगदादच्या दिशेने चालत गेलेल्या सैन्याचे नाव होते सहावी पूना डिव्हिजन. मुंबई बंदरातून तिची पहिली तुकडी ऑक्टोबर १९१४ मध्ये निघाली. तिच्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. नावाने त्या मराठा, पण त्या काळच्या अशा पलटणींत मराठा कंपन्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. म्हणजे ज्यांची घरची बोली आपली, ज्यांच्या गावची जत्रा आणि उरूस एकाच मैदानात भरत, ती माणसे तिथे होती. समोर तुर्कांचे सैन्य होते, आणि तुर्कांचा सुलतान तेव्हा खलिफा होता. नोव्हेंबर १९१४ मध्ये त्याने जिहाद पुकारला होता. त्याच महिन्यात सरकारने हिंदुस्थानातल्या मुसलमानांना जाहीर वचन दिले होते, की अरबस्तानातील आणि इराकमधील पवित्र स्थळांना हात लावला जाणार नाही.

सुरुवातीला काम मर्यादित होते. आबादानचा तेलाचा कारखाना राखायचा आणि आखाताचे तोंड ताब्यात ठेवायचे. ६ नोव्हेंबर १९१४ ला फाव येथे फौज उतरली आणि त्याच महिन्यात बसरा पडले. डिसेंबरात कुर्ना, जून १९१५ मध्ये अमारा, सप्टेंबरात कुत. प्रत्येक गाव घेतल्यावर ते राखण्यासाठी पुढचे गाव घेणे भाग आहे, असे कारण मिळत गेले. कारणे अशी मिळत गेली की माणसाने एकदा थांबून स्वतःला विचारावे, पण विजय मिळत असताना कोण थांबतो?

या मोहिमेत खरा सेनापती होती नदी. रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती. दाणा, दारूगोळा, औषधे, जखमी माणसे, सारे काही पाण्यावरून. वसंतात डोंगरावरचे बर्फ वितळले की दजला काठ सोडून पसरते आणि दलदलीचा समुद्र होतो. शरदात ती आटते, वाळूचे उंचवटे वर येतात आणि खोल बुडाची बोट दिवसदिवस रुतून बसते. बसऱ्यापासून बगदादपर्यंत नदीच्या वाटेने सुमारे पाचशे मैल. पात्र इतके वळणाचे की कुतचे गावच मुळी नदीच्या एका वेढ्यात वसलेले. यांतले काहीही गुपित नव्हते. लिंच नावाच्या इंग्रज कंपनीच्या आगबोटी या नदीवर एकोणिसाव्या शतकापासून ये-जा करत होत्या. किती खोलीची बोट कुठल्या महिन्यात कुठवर जाते, हे त्यांच्या सारंगांना पाठ असणार. तरी बसऱ्याला धक्का नव्हता. जहाजे पात्राच्या मधोमध उभी राहून देशी होड्यांत माल उतरवीत आणि आपली पाळी येण्याची वाट पाहत खोळंबत. वरच्या अंगाला उथळ बुडाच्या बोटी कमी पडत होत्या. बसऱ्याचे मुख्य सेनापती जनरल निक्सन यांनी १९१५ च्या उन्हाळ्यात जादा बोटींची मागणी पाठवली, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. हिंदुस्थान सरकारच्या खात्यांत ती काटकसरीच्या रांगेत उभी राहिली. मग बोटी आल्या नव्हत्या तरी निक्सन पुढे गेले, हेही सांगितले पाहिजे.

आता बगदादकडे जाण्याचा निर्णय पाहू. निक्सनना मार्च १९१५ मध्ये हिंदुस्थानातून जे हुकूम मिळाले त्यांतच बगदादवरील चालीची योजना तयार ठेवा असे होते, आणि लंडनला ते हुकूम पाहायला मिळाले आठवडे उलटून गेल्यावर. प्रत्यक्ष लढणाऱ्या डिव्हिजनचा सेनापती होता जनरल टाउनशेंड. कुत घेतल्यावर त्याने वर लेखी कळवले की बगदाद घ्यायचे तर एक डिव्हिजन पुरणार नाही, निदान दोन हव्यात. हा माणूस धाडसी होता आणि महत्त्वाकांक्षीही, तरीही त्याने हे कळवले. ऑक्टोबरात लंडनने निक्सनना विचारले, तुमच्याजवळचे बळ पुरेसे आहे काय? निक्सन म्हणाले, आहे. गॅलिपोलीत तुर्कांपुढे नामुष्की पदरी येत होती, कुठेतरी एक मोठे नाव जिंकून दाखवायला हवे होते, आणि बगदादइतके मोठे नाव दुसरे कोणते? ज्याला 'होय' ऐकायचे होते त्याने प्रश्न विचारला आणि ज्याला 'होय' म्हणायचे होते त्याने उत्तर दिले. मधल्या टाउनशेंडची चिठ्ठी कागदांत राहिली.

टाउनशेंडचे काय मग? त्याने आपले मत नोंदवले आणि हुकूम पाळला. सैनिकी रीतीने पाहिले तर त्याच्यावर ठपका नाही. आमचे मन मात्र इथे अडते. आपले बळ निम्मे आहे हे ज्याला कळते आणि जो तरीही चौदा हजार माणसे घेऊन निघतो, त्याची जबाबदारी ती चिठ्ठी लिहून संपली का? राजीनामा दिला असता तर दुसरा कोणी गेला असता, हे उत्तर नेहमीचे आहे. ते खोटेही नाही. पण त्या उत्तराच्या आडोशाला जगातली किती पापे सुखाने झोपली आहेत, हे आठवले की ते पटत नाही.

नोव्हेंबर १९१५ मध्ये फौज बगदादच्या दारात, मदाइनच्या भग्न राजधानीजवळ आली. तुर्कांची ताजी कुमक येते आहे अशा बातम्या येत होत्या. निक्सनच्या मुख्यालयाला त्या भरवशाच्या वाटल्या नाहीत. २१ नोव्हेंबरला, लढाईच्या आदल्या दिवशी, मेजर रायली नावाचा वैमानिक टेहळणीला गेला. त्याने तुर्कांच्या मागे नवी फौज आल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि नकाशावर टिपून घेतले. पण त्याचे विमान गोळी लागून खाली आले आणि तो नकाशासह शत्रूच्या हाती पडला. ज्यांना ती खबर हवी होती त्यांना ती मिळाली नाही, आणि नदीच्या वळणांची जी आखणी तुर्कांपाशी नव्हती ती मात्र त्यांना आयती मिळाली. दुसऱ्या दिवशी लढाई झाली. तुर्कांची पहिली फळी हिंदी पलटणींनी घेतली, पण साडेचार हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. गंमत अशी (गंमत हा शब्द इथे कडूच आहे) की तुर्की सेनापती नुरुद्दीनही आपण हरलो असे समजून दियाला नदीकडे मागे सरकला होता. मग टाउनशेंड निघाला हे कळल्यावर तो परत फिरला.

इथे कोणी म्हणेल, रायलीचे विमान पडले यात सेनापतीचा काय दोष? घडून गेल्यावर सगळेच शहाणे होतात. हा आक्षेप खरा आहे. रायलीची खबर पोहोचली नाही, हा नशिबाचा भाग. पण ती एकट्या त्या विमानातून येणार होती असे नाही. ती महिनाभर वेगवेगळ्या वाटांनी येत होती आणि प्रत्येक वाटेवर तिला 'भरवशाची नाही' म्हणून परत पाठवले जात होते. जी बातमी आपल्या बेताला सोयीची आहे तिची कसून चौकशी कोणी केली, असे कुठे दिसत नाही. चौकशी होते ती फक्त गैरसोयीच्या बातमीची. आपण घरातही हेच करतो, म्हणून हा दोष ओळखायला अवघड जात नाही.

ज्या जागी ही लढाई झाली तिचे स्थानिक नाव सलमान पाक. हजरत सलमान फारसी यांची कबर तिथे आहे. सलमान हे नाव उच्चारताच प्रत्येक मुसलमानाला आठवते ती खंदकची लढाई. हिजरी ५, म्हणजे इसवी सन ६२७. मदिनेवर मोठी फौज चालून आली, तेव्हा शहराच्या उघड्या बाजूला खंदक खणावा ही सल्लामसलत इराणातून आलेल्या, गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या या माणसाने दिली, असे परंपरा सांगते. अरबांना ही रीत ठाऊक नव्हती. परक्याचे म्हणणे म्हणून ते टाकले गेले नाही, पैगंबर साहेबांनी (स.) ते ऐकले आणि स्वतः माती उपसली. त्याच वेढ्यात एका थंड, वादळी रात्री हुजैफा यांना शत्रूच्या तळावर खबर काढायला पाठवले गेले. अबू सुफियान बाणाच्या टप्प्यात होता. हुजैफांनी तीर चालवला नाही, कारण त्यांना खबर आणायला सांगितले होते, पराक्रम करायला नव्हे. ते परतले, पाहिले तेवढेच सांगितले, आणि त्यांचे सांगणे ऐकले गेले. या हुजैफांची कबरही १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दजलेच्या ओलीपासून वाचवण्यासाठी हलवून सलमान पाकला आणली गेली. साम्राज्याच्या लढाईशी आम्ही या इतिहासाची बरोबरी करत नाही, करायचीही नाही. पण ज्या माणसाचे शहाणपण त्याच्या लोकांनी ऐकले, त्याच्या मजारीच्या अंगणात न ऐकण्यामुळे हजारो माणसे पडावीत, हे नजरेआड करता येत नाही.

आणि हिंदी मुसलमान शिपायांचे काय? सलमान पाकच्या जवळ लढावे लागणार हे कळले तर त्यांची मने बिथरतील, अशी अधिकाऱ्यांना भीती होती. म्हणून लष्करी कागदांत आणि बोलण्यात त्या जागेला तिच्या जुन्या ग्रीक नावाने, टेसिफॉन म्हणून, संबोधायचे ठरले. वरच्यांनी खालून येणारी खबर ऐकली नाही आणि वरून खाली जाणारी खबर नाव बदलून दडवली. ज्या शिपायाला आपण कुठे बंदूक रोखतो आहोत हेच सांगितले गेले नाही, तो खरा अजाण. त्याच्या अजाणपणाची जबाबदारी, आमच्या मते, नाव बदलणाऱ्याच्या खात्यावर जमा होते. अर्थात सगळेच फसले नाहीत. बिरादरीच्या बातम्या तारयंत्रापेक्षा वेगाने धावतात. फेब्रुवारी १९१६ मध्ये बसऱ्यात १५व्या लान्सर्सच्या चारशेहून अधिक मुसलमान सवारांनी पुढे कूच करायला नकार दिला. मुसलमानांविरुद्ध आणि त्या पवित्र भूमीत आम्ही लढणार नाही, हे त्यांचे म्हणणे. कोर्ट मार्शल झाले आणि त्यांना काळ्या पाण्याची सजा झाली. जे लढले त्यांना आम्ही कमी ईमानाचे समजत नाही. कोणी मिठाला जागला, कोणाच्या घरी पगारावर चूल पेटत होती, कोणाला आपल्या कंपनीतल्या भावंडांना सोडवेना. ज्याने लढायचे नाकारले आणि जो लढत मेला, त्या दोघांनाही किंमत स्वतःच्या जिवाने द्यावी लागली. तशी किंमत निर्णय घेणाऱ्यांपैकी कोणीही दिली नाही.

सलमान पाकच्या जखमींची कहाणी सांगताना आमचा हात जड होतो. त्यांना स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांतून नदीपर्यंत नेले, मग आगबोटींवर आणि त्यांना बांधलेल्या तराफ्यांवर दाटीवाटीने घातले. डॉक्टर थोडे, औषधे थोडी, सावली नाही. 'मजीदिया' नावाची बोट बसऱ्याला पोहोचली तेव्हा हिंदी वैद्यकीय सेवेतील मेजर कार्टर एका इस्पितळ-जहाजावर होता. लांबून त्याला वाटले, बोटीच्या कडेने दोरखंड लोंबत आहेत. जवळ आल्यावर दिसले, ती वाळलेली विष्ठा होती. ज्यांना उठता येत नव्हते त्या माणसांची. आणि त्याच सुमारास बसऱ्याहून वर गेलेल्या तारेत मात्र जखमींची व्यवस्था समाधानकारक झाली, वैद्यकीय कामगिरी उत्तम झाली, असे कळवले होते. कार्टरने पाहिलेले लिहून काढले तेव्हा वरिष्ठांनी त्याला लुडबुड्या ठरवले आणि अटकेची धमकी दिली. त्याने लिहिणे सोडले नाही. या साऱ्या मोहिमेत आम्हाला सर्वांत अधिक आदर वाटतो तो या माणसाबद्दल. तो इंग्रज होता, गोऱ्या साम्राज्याचा नोकर होता, आणि त्याने काळ्या-गोऱ्या शिपायांचे हाल एकाच शाईने लिहिले.

टाउनशेंड मागे हटून ३ डिसेंबर १९१५ ला कुतला आला आणि काही दिवसांत वेढला गेला. आता खबर देणे त्याच्या हाती होते, आणि तिथे तोही चुकला. गावातला धान्यसाठा घरोघर न तपासता त्याने आपल्याजवळ थोडेच दिवस पुरेल एवढे अन्न आहे असे कळवले. त्या भीतीने सोडवायला येणारी फौज तयारी पुरी न करता, चिखलात, तोफा-डॉक्टरांची वाट न पाहता तुर्की खंदकांवर फेकली गेली. जानेवारी १९१६ मध्येच शेख साद, वादी आणि हन्ना येथे हजारो माणसे पडली. मग जानेवारीच्या अखेरीस टाउनशेंडने कळवले की घरांची झडती घेतल्यावर धान्य सापडले आहे, अजून ८४ दिवस पुरेल. धान्य तर आधीही तिथेच होते! ८ मार्चला याच्या उलट घडले. रात्रीची चाल करून फौज पहाटे दुजैलाच्या गढीसमोर पोहोचली आणि गढी जवळजवळ रिकामी आढळली. डोळ्यांसमोरची खबर एवढी स्पष्ट, पण कागदावरच्या बेतात आधी तोफांचा मारा आणि मग हल्ला असे लिहिले होते. तासन्‌तास थांबून तोफा डागल्या गेल्या, तेवढ्यात तुर्कांनी गढी भरून काढली. साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मेली वा जखमी झाली. म्हणून सावधपणा हाच उपाय असे आम्हाला म्हणता येत नाही. एकदा घाईने मारले, एकदा थांबण्याने.

२९ एप्रिल १९१६ ला, १४७ दिवसांनी, कुत शरण गेले. सोडवायला आलेल्यांची हानी सुमारे २३,००० आणि शरण गेलेले सुमारे १३,०००. त्यांत शिपाई होते, तसे भिस्ती, डोलीवाले, खेचरवालेही होते. त्याआधी घोड्याचे मांस खावे की नाही या पेचात हिंदी शिपाई आठवडेच्या आठवडे उपाशी राहिले; हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानग्या मागवल्या गेल्या, तरी पुष्कळांचे मन वळायला एप्रिल उजाडला. तुर्कांच्या कैदेत वाळवंट तुडवताना गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून अधिक मेले, हिंदींपैकीही हजारो परतले नाहीत. कुतच्या रहिवाशांपैकी काहींना इंग्रजांना मदत केली म्हणून तुर्कांनी फासावर दिले. फास आवळणारे मुसलमान आणि लटकणारेही मुसलमान, हे आपल्या मंडळींनी विसरू नये. टाउनशेंडचा कैदेतला काळ इस्तंबूलजवळच्या बेटावर, बंगल्यात गेला.

पुढे बगदाद पडलेच. ११ मार्च १९१७ रोजी जनरल मॉड तिथे पोहोचला; पण त्याआधी बसऱ्याला धक्के बांधले गेले, रूळ टाकले गेले, बोटींचा ताफा जमवला गेला. नदी तीच होती. तिच्याविषयी जे कळायला हवे होते ते १९१५ मध्येही कळण्याजोगे होते.

ऑगस्ट १९१६ मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निक्सनपासून व्हाइसरॉय हार्डिंजपर्यंत सगळ्यांवर ताशेरे होते. भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. ज्यांचा दोष त्या मानाने कमी होता ते गेले आणि हार्डिंज परराष्ट्र खात्यात आपल्या जागेवर राहिले. चेंबरलेन यांच्या जागी माँटेग्यू आले आणि त्यांची ऑगस्ट १९१७ ची घोषणा आपल्या राजकीय इतिहासात शिकवली जाते. तिच्यामागे कुतचाही हात आहे, हे सहसा शिकवले जात नाही. शिक्षा म्हणावी अशी शिक्षा मात्र कोणालाच झाली नाही. आयोगापुढे वरिष्ठांची जी उत्तरे झाली त्यांचा सूर एकच: आम्हाला कळवले गेले नव्हते. कळवणाऱ्याला अटकेची धमकी कोणी दिली होती, हे त्यांना आठवत नव्हते काय?

बसऱ्याला या मोहिमेत मेलेल्यांचे, ज्यांची कबर ज्ञात नाही अशांचे, स्मारक आहे. १९९७ मध्ये ते मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात नेले गेले. त्यावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. ब्रिटिश शिपायांची नावे कोरली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांची कोरली आहेत. साध्या हिंदी शिपायांच्या पलटणीचे नाव आणि त्यापुढे फक्त आकडा. नावे ठाऊक नव्हती असे नाही. पलटणींच्या यादीत ती होती. २०२१ मध्ये युद्धकबरी आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली. इकडे आपल्या कोकणात आणि साताऱ्याकडे काही गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी दिसते: या गावातून महायुद्धात इतके गेले, इतके मेले. तिच्यावरही आकडेच आहेत. त्यांतला मराठा किती, महार किती आणि मुसलमान किती, हे त्या दगडावरून कळत नाही, आणि गावात विचारले तर सांगणारे आता कोणी उरलेले नाही.